सोन्याच्या पाळण्यात झुरळं

'जालना, सोने का पालना' ही आमच्या गावाची जुनी म्हण. मराठी गावाची म्हण हिंदीत कशी, असं इथं कुणी विचारत नाही. सोन्याचा विषय निघाला की भाषेवरून भांडायचं नाही, एवढं व्यवहारज्ञान या गावाला पहिल्यापासून आहे. या पाळण्यात आजवर पुष्कळ बाळं वाढली. बियाण्यांच्या कंपन्या वाढल्या, लोखंडी सळ्यांचे कारखाने वाढले, मोसंबीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं. पण या पाळण्याची दोरी एक दिवस माझ्या हातात येईल आणि आत झुरळं असतील, असं मला एकाही ज्योतिषानं सांगितलं नव्हतं.

त्याचं असं झालं. माझ्या भाच्यानं घरात आरोवाना नावाचा मासा पाळला. हा मासा घरात असला की पैसा येतो म्हणे. आल्यावर तो पैसा माशाच्याच टाकीवर खर्च होतो, ही पुढची गोष्ट. तर या माशाला जिवंत खाऊ लागतो, आणि त्या खाऊसाठी भाच्यानं एका मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात झुरळांची पैदास सुरू केली होती. कंपनीच्या ट्रेनिंगला दहा दिवस पुण्याला जायची वेळ आली तेव्हा माशाची सोय लगेच झाली. मित्रमंडळींत त्याच्यासाठी चढाओढ लागली. डब्याचं नाव काढताच मात्र सगळ्यांना गावाला जायचं होतं. माझी बहीण तर त्याला म्हणाली, "तू दहा दिवसांनी ये, पण तो डबा आज ने."

मासा सगळ्यांना हवा असतो, त्याचं जेवण कुणालाच नको असतं. हे वाक्य तेव्हा मी नुसतं गंमत म्हणून बोललो. पुढं ते माझ्याच घशात अडकलं.

"मामा, ही आपली साधी झुरळं नाहीत. दुबिया आहेत," भाचा म्हणाला.

"दुबईहून आली?" आतून आमच्या हिनं विचारलं. दुबईहून आलेल्या वस्तूबद्दल आमच्या घरात अजून थोडा आदर आहे.

"नाही मामी, मूळची दक्षिण अमेरिकेतली."

"मग तिथंच काय वाईट होतं?"

या प्रश्नाला प्राणीशास्त्रात उत्तर नाही. शेवटी तह झाला. डबा गॅलरीत राहील, झाकणावर वीट राहील, आणि डब्याला लावलेला हात साबणानं तीनदा धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात येणार नाही. तहावर माझी सही होती. डब्यातल्या प्रतिनिधींना कुणी विचारलं नाही.

आता माझं आणि झुरळांचं पूर्वीचं नातं काही फारसं अभिमानानं सांगण्यासारखं नाही. आमच्या वेळी कॉलेजात झुरळ फाडावं लागे. आदल्या रात्री मेसच्या मोरीवर बॅटरी घेऊन शिकार करायची, आणि दुसऱ्या दिवशी मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून त्याची पचनसंस्था शोधायची. माझ्या झुरळात ती कधी सापडली नाही. सर म्हणाले, "तुम्ही त्याच्यासकट पचनसंस्थाही मारलीत." पुढं २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राणीशास्त्राच्या वर्गातली ही चिरफाड बंद करायला सांगितली. आमच्या बॅचच्या झुरळांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

तर असा हा माझा हात, आणि त्या हातानं मी आता रोज सकाळी गाजराच्या चकत्या करत होतो. डब्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचले होते, आणि त्यांच्या खळग्याखळग्यांतून ही मंडळी चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी राहत होती. नरांना पंख, पण उडायची हौस नाही. माद्यांना पंख जेमतेम नावापुरते. गुळगुळीत भिंत यांना चढता येत नाही, म्हणूनच तर डब्यात पाळता येतात. अंडी पोटातच उबवतात आणि वीस-पंचवीस पिलं एकदम बाहेर येतात. ऊब लागते तीसेक अंशांची. ती पुरवायला परदेशात म्हणे विजेच्या गाद्या लावतात. आमच्या गॅलरीत एप्रिल महिना होता. त्यांना गार कसं ठेवायचं हीच माझी विवंचना. मोसंबीची फोड ठेवली की सगळी चाळ बाहेर पडे. मानांकन मिळालेलं फळ खाणारी झुरळं मी तरी दुसरीकडं पाहिलेली नाहीत.

चौथ्या रात्री आत एक पांढरंशुभ्र झुरळ दिसलं. दुधात बुडवून काढल्यासारखं, डोळे तेवढे काळे. माझ्या छातीत धस्स झालं. लोकाचं लेकरू सांभाळायला घ्यावं आणि त्याला कावीळ व्हावी, तसं. मी रात्री साडेअकराला पुण्याला फोन लावला.

"मामा, कात टाकलीय त्यानं," भाचा जांभई देत म्हणाला. "दोन-चार तासांत रंग येईल. फक्त हलवू नका, अंग मऊ असतं."

मी हलवलं नाही. बॅटरीवर रुमाल धरून बघत मात्र बसलो. पहाटेपर्यंत ते हळूहळू मधासारखं आणि मग तपकिरी झालं, आणि चाळीत मिसळून गेलं. मला बरं वाटलं. समाधानानं मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. दिवा लावला तर ओट्यावर एक झुरळ. माझा हात आपोआप चपलेकडं गेला आणि फटका बसला. निम्मं चिरडलेलं ते ओट्याखाली सरपटत गेलं. मी त्याच्याकडं पाहिलंही नाही. पाणी पिऊन झोपायला गेलो.

झोप मात्र आली नाही.

एका रात्रीत मी एका झुरळासाठी ट्रंककॉलच्या काळजीनं फोन केला आणि दुसऱ्याला अर्धमेलं सोडून पाणी प्यालो. दोघांत फरक काय? आता फरक आहे हे उघड आहे, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणालो. मग फरक मोजायला बसलो.

पहिला फरक रोगाचा. घरातलं झुरळ मोरीतून येऊन पोळीवरून फिरतं, जंतू वाहून आणतं. त्याच्या विष्ठेनं आणि कातीनं दम्याची माणसं हैराण होतात. हे कारण खरं आहे, आणि त्यासाठी कणकेत बोरिक पावडर मळून गोळ्या ठेवणाऱ्या कुठल्याही गृहिणीशी मी नैतिक वाद घालणार नाही. घालून दाखवा कुणीतरी. पण कारण वेगळं आणि किळस वेगळी. झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती आहेत, आणि माणसाच्या घरात घुसखोरी करणाऱ्या जेमतेम तीस. बाकीच्या रानात पालापाचोळा खात आपला संसार करतात. त्यांनी आमचं काय घोडं मारलं? पण किळस सगळ्यांना सारखीच. बशीत धुऊन पुसून ठेवलेलं झुरळ असलं तरी आपण त्या बशीत पुन्हा चिवडा खाणार नाही.

दुसरा फरक आपल्या-परक्याचा. घरातलं लहान पिवळट झुरळ हे 'जर्मन झुरळ'. लिनियसनं १७६७ साली त्याला हे नाव दिलं, आणि तेव्हापासून सगळं जग जर्मनांना बोल लावत आलं. २०२४ साली संशोधकांनी जगभरातली ही झुरळं गोळा करून त्यांच्या जनुकांवरून कुळ शोधलं, तर निघालं काय? सुमारे एकवीसशे वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात एका आशियाई जातीपासून हे वेगळं झालं, आणि व्यापाऱ्यांच्या, सैन्यांच्या सामानातून पश्चिमेला गेलं. म्हणजे ज्याला आम्ही जर्मन समजून मारत होतो, तो निघाला आमच्याच गल्लीतला, परदेशी नाव लावून आलेला. आणि गॅलरीत मोसंबी खात होता तो खरा परदेशी पाहुणा!

तिसरा फरक उपयोगाचा. चीनमध्ये औषधासाठी झुरळं पाळतात. सिचुआन प्रांतातल्या एका कारखान्यात वर्षाला सहाशे कोटी झुरळं तयार होतात, अशा बातम्या २०१८ साली आल्या होत्या. तिथं झुरळ म्हणजे कच्चा माल. कच्च्या मालाची कुणाला किळस येत नाही, फक्त भाव येतो.

मग मी कायदा पाहिला. मध्यमवर्गीय माणसाची सद्सद्विवेकबुद्धी बोलेनाशी झाली की तो कायदा बघतो. आपला प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० सालचा आहे. त्यात 'प्राणी' या शब्दाची व्याख्या आहे : माणूस सोडून कोणताही सजीव जीव. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. झुरळ वगळलेलं नाही. इंग्लंडनं २०२२ साली केलेल्या कायद्यात खेकडा, शेवंड आणि ऑक्टोपस यांनाही सुखदुःख असतं असं धरलं, पण त्यांचे लांबचे चुलतभाऊ किडे बाहेरच ठेवले. त्या मानानं आपली व्याख्या फारच उदार. अर्थात चपलेसाठी कुणी आत गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गेलं तर देशात बाहेर कोण उरेल, हाही प्रश्न आहे.

अशा मनःस्थितीत मी रविवारी अंबडकडं तात्यांच्या शेतावर गेलो. तात्या म्हणजे आमच्या हिचे चुलत बंधू. कापूस सोडून त्यांनी तुती लावली आणि रेशमाचे किडे पाळायला लागले त्याला काही वर्षं झाली. आमच्या जिल्ह्यात आता रेशीम हे मोठं पीक आहे. पूर्वी इकडचे शेतकरी कोष विकायला पार कर्नाटकात रामनगरला जात. 'शोले'चं चित्रीकरण झालं ते हेच रामनगर. कोषांची गोणी आणि गब्बरचे डोंगर असा तो प्रवास. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीत कोष खरेदी सुरू झाली आणि ती पायपीट पुष्कळ कमी झाली.

शेडच्या दारात तात्यांनी मला अडवलं. "दाजी, पाय धुवा. तंबाखू खाल्लीय का? अत्तरबित्तर लावलंय का?" मी म्हणालो, "तात्या, मुलगी बघायला आलोय का मी?" ते हसले नाहीत. आत जाण्याआधी माझे हातही धुववून घेतले.

आत मांडण्यांवर तुतीच्या फांद्या पसरल्या होत्या आणि त्यावर हजारो पांढरे किडे पानं खात होते. पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा आवाज येत होता. तात्या हलक्या आवाजात सांगत होते. एका पतंगाची अंडी म्हणजे एक अंडीपुंज. शंभर अंडीपुंज आणले की चाळीस-पन्नास हजार किडे होतात. पंचवीस-अठ्ठावीस दिवसांचा खेळ. तेवढ्यात चार वेळा कात टाकतात. कातीला बसले की खाणं बंद, मान वर करून निश्चल. तेव्हा वरून चुना भुरभुरायचा आणि अजिबात हात लावायचा नाही.

"अंग मऊ असतं," मी म्हणालो.

तात्यांनी माझ्याकडं चमकून पाहिलं. "तुम्हाला काय माहीत?"

मी विषय बदलला. झुरळांचा डबा तात्यांना सांगण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं.

शेजारच्या रानात कुणी औषध फवारलं तरी वाऱ्यानं तुतीवर उतरतं आणि किडे मरतात. उन्हाळ्यात शेडमध्ये रात्री ओली पोती बांधावी लागतात. ऊझी माशी आत येऊन किड्यांच्या अंगावर अंडी घालते, म्हणून चहूबाजूंनी जाळी. तात्या रात्री दोनदा उठतात. एखादा किडा रोगट दिसला की लगेच वेचून चुन्यात टाकतात. "तडफडत ठेवायचा नाही, अन् बाकीच्यांत राहू द्यायचा नाही," ते म्हणाले. शेवटच्या आठवड्यात किडे खादाडासारखे खातात आणि मग चंद्रिकेवर चढून स्वतःभोवती कोष विणतात. एका कोषात हजारेक मीटर लांब अखंड धागा.

"आणि मग?"

"मग काय, बाजार. मी जिवंतच विकतो. पुढं ते गरम हवेत वाळवतात, उकळत्या पाण्यात घालून धागा काढतात. पतंग बाहेर पडला तर कोषाला भोक पडतं, धागा तुटतो."

मी जरा घुटमळत विचारलं, "तात्या, एवढं लेकरासारखं वाढवायचं आणि... काही वाटत नाही?"

मला वाटलं होतं, ते म्हणतील मी कुठं मारतो, मी तर विकतो. पळवाट तयार होती आणि चांगली रुंद होती. तात्या तिकडं गेलेच नाहीत.

"वाटतं की," ते म्हणाले. "मी विकतो म्हणजे मीच मारतो, दाजी. मला काय पुढचं ठाऊक नाही? पोरीचं शिक्षण त्याच्यावर झालं. पण माझ्या शेडात आहेत तोवर एकाला उपाशी ठेवलं नाही. तेवढंच माझ्या हातात. लोक येतात, किडे बघून ई ई करतात, अन् जाताना विचारतात पैठणी कुठं स्वस्त मिळंल."

परतताना एसटीत मला तो माशाचा डबा आठवला. मासा सगळ्यांना हवा, खाऊ कुणाला नको. पैठणी सगळ्यांना हवी, कढई कुणाला नको. आमच्या घरी देवघरात रेशमी सोवळं आहे. आजोबांचं. सुती धोतर धुतलेलं असलं तरी शिवाशिवीनं बाटे, रेशीम मात्र सोवळं. हजारो किडे ज्याच्यासाठी उकळले ते वस्त्र पवित्र, आणि त्याच देवघरात एक झुरळ जिवंत फिरलं तर देवसुद्धा पुन्हा धुवायचे! आणि या दोन किड्यांत केविलवाणा कोणता? हजारो वर्षं माणसानं पाळून पाळून रेशमाच्या किड्याची अशी अवस्था केली आहे की त्याच्या पतंगाला उडता येत नाही, खायला धड तोंड नाही. त्याला आपल्याशिवाय कुणी नाही. झुरळाच्या पूर्वजांना मात्र तीस कोटी वर्षं झाली. त्याला आपली गरजच नाही. कदाचित आपल्याला त्याचाच राग असेल. जो आपल्यावर अवलंबून नाही आणि तरी आपल्या घरात राहतो, त्याला आपण कधी क्षमा केली आहे? जावयालासुद्धा नाही.

माझा निष्कर्ष फार थोर नाही. न मारता जगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ताटातला भात उगवतानाही किडे मेलेले असतात. पण मारण्याचे दोन प्रकार मला दिसले. तात्या बघून मारतात, आणि मी न बघण्यासाठी किळस वापरतो. किळस ही फार सोयीची गोष्ट आहे. ती आली की हिशेब ठेवावा लागत नाही. 'झुरळासारखं झटकून टाकलं' असं आपण म्हणतो ना, त्यात झटकणाऱ्याला काही झाल्याचं कुणी सांगत नाही. तात्यांच्या वहीत दर खेपेला मेलेल्या किड्यांचा अंदाज लिहिलेला असतो. माझी चाळीस वर्षांची वही कोरी आहे.

दहाव्या दिवशी भाचा आला. डबा उचलून बघत म्हणाला, "मामा, वजन वाढलंय यांचं!" मला उगीचच अभिमान वाटला. संध्याकाळी त्याच्याकडं मासा बघायला गेलो. त्यानं चिमट्यानं एक झुरळ उचलून पाण्यावर सोडलं. सोनेरी वीज चमकल्यासारखा मासा वर आला, एक आवाज झाला, आणि संपलं. ते चौथ्या रात्रीचं पांढरं झुरळ होतं की काय, हे मला ओळखता आलं नाही. ओळखता आलं नाही याचं बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचं वाईट वाटलं.

त्याच रात्री आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर एक झुरळ निघालं. जर्मन, म्हणजे आपलंच. हिनं हाक मारली. मी चप्पल घेऊन आलो आणि उभा राहिलो. त्याच्या मिशा हलत होत्या. उद्या नात येणार होती, तिला दम्याचा त्रास आहे. मी नेम धरला आणि एकच फटका मारला. मग दिवा जवळ घेऊन वाकून पाहिलं.

"मेलं का?" हिनं दारातून विचारलं.

"मेलं."

"नीट बघितलंत?"

"हो," मी म्हणालो, "पहिल्यांदाच."